जानेवारीची फट

एल्वीचा फोन आला तेव्हा बाहेर उणे सव्वीस होतं,
डुलुथचं सरोवर काठाकडून गोठत आत निघालेलं.
"रेइनोची गाडी अडते गं. शनिवारी एमेट येणार.
तू तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्यास, तुला कळेल."
मीटर घेतला, गुडघ्यांना बांधायच्या पट्ट्या घेतल्या, गेले.

तळघरात आख्खं गाव होतं.
खनिजाचा धक्का, लाल वाघिणी, दारूचं दुकान,
टेकडीवर त्यांचं स्वतःचं घर, अंगठ्याच्या नखाएवढं.

आठ इंजिनं, एकच रूळ, एकच वीज.
ज्याचा नंबर दाबाल त्यानंच ओ द्यायची,
बाकीच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.
आमच्या एक्स्चेंजमध्ये इतकी शिस्त कधीच नव्हती.

तीन नंबर निघालं. धक्का ओलांडला, वळशात शिरलं,
वळशातून बाहेर पडता पडता
टक्.
दिवे गेले. बूस्टर दोन क्षण थांबला, पुन्हा टक्,
आत कुणी आहे हे माहीत असलेल्या माणसानं
दार वाजवत राहावं तसा.

इंजिन उचललं. लगेच सगळं सुरळीत.
म्हणून आधी त्यालाच चोर ठरवलं,
चाकं पुसली, पोट उघडलं, डिकोडर हुंगलासुद्धा.
पाच नंबर ठेवलं. तेही तिथंच मेलं.
मग मात्र टेबलाखाली उताणं होणं आलं.

सगळ्या तारा हिरव्या.
"हिरवी स्वस्तात लागली होती," एल्वी जिन्यावरून म्हणाली.
आणि प्रत्येकीला चिठ्ठी, नंबराची नाही:
पाउलीची बकरी. आईचा दात. चौऱ्याहत्तरची थंडी. बंद ठेव.
मी एकेक वाचत गेले, ती कॉफी पीत अर्थ सांगत गेली.
"आईचा दात म्हणजे धक्का. तिथं चिकटवाचिकटवी चालली होती
आणि माझ्या सासूबाईंनी घट्ट टॉफी चावली."
"आणि 'बंद ठेव'?"
"ते मला नाही सांगितलं कधी."

म्हणजे तोच वळसा.
गाडी ज्या रुळानं जाते त्याच रुळावर
उलटं तोंड करून परतते, तेव्हा डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो,
म्हणून वळशाच्या दोन्ही टोकांना रूळ कापून ठेवतात.
केसाएवढी फट. तिच्यावरच सगळं चालतं.

'बंद ठेव'च्या दोन्ही तारा सोडवल्या.
आता वळसा मेलेला हवा होता.
मीटरनं चौदा व्होल्ट दाखवले.
कुठून येतेस गं बाई, मी विजेला विचारलं,
आणि भिंग लावून रुळावर वाकले.

फट नव्हती.
ऑक्टोबरपासून भट्टी चालू, हवा कोरडी ठक्क,
लाकूड आक्रसलं. धातू कशाला आक्रसतो?
दोन टोकं एकमेकांच्या अंगावर आली होती, इतकंच.

खाली, पायाच्या कोपऱ्यात, निळं प्लास्टिक सापडलं,
कात्रीनं रुळाच्या आकाराचं कापलेलं, तिळाच्या दाण्याएवढं.
एकच होतं. फटी मात्र चार.
एल्वीनं ते तळहातावर घेतलं.
"असली तीन नोव्हेंबरात झाडून टाकली मी.
म्हटलं, कसला हा कचरा."

बराच वेळ भट्टीचाच आवाज.
मग ती वर गेली, कॉफीच्या डब्याचं निळं झाकण घेऊन आली,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
कापू लागली. पहिलं जाड झालं. दुसरं उडालं, सापडलंच नाही.
मी बारीक पात्यानं फटी मोकळ्या केल्या,
बसवायचं काम तिनंच केलं, चिमट्यानं, श्वास धरून.

तीन नंबर वळशातून बाहेर आलं आणि शिट्टी वाजली,
इतकी कर्कश की दोघी दचकलो.
"ती कमी करता येते," मी म्हटलं, "डिकोडरात एक आकडा बदलायचा."
"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याला कमी ऐकू यायचं."
आकडा तिनं बदलू दिला. निम्म्यावर.

घरी आल्यावर लक्षात आलं, मीटरची लाल पिन तिथंच राहिली.
शनिवारी आणेन. एमेटला एक नाणं द्यायचंय,
रुळांवर आडवं ठेवायचं, जागोजागी,
आणि दरवेळी टक् ऐकू येतंय ना ते बघायचं.
जिथं येणार नाही, तिथं तार ढिली.