पान एकेचाळीस

दोनशे प्रती आल्या, आठ खोक्यांत.
मूस जॉच्या थंडीत दारातच टाकून गेला ट्रकवाला.
लाइलनं एकट्यानं उतरवली तळघरात,
तेरा पायऱ्या, आठ खेपा,
वर येऊन नाडी मोजली. एकशे चार.
"हे पुस्तकात यायला हवं होतं," म्हणाला.

मुखपृष्ठावर त्याची जुनी पँट,
तिच्या एकाच पायात तो अख्खा.
छपाईत गेले छपराचे पैसे.

पान एकेचाळीस: "त्या हिवाळ्यात मी पहाटे चालू लागलो."
उणे तीस होतं. बर्फात पुढे टॉर्च धरून
कोण होतं, ते नाही.
पान साठ: "गोड आपोआप सुटलं."
आपोआप! बिस्किटांचे डबे
मी शेजारच्या ऑर्लीनकडे नेऊन ठेवले,
वजन तिचं वाढलं.

शनिवारच्या बाजारात चार खपल्या.
एक डॉक्टरनं घेतली, सही मागून.
लाइलचे कान लाल झाले. मी काही बोलले नाही.

आता तो घोरत नाही, झोप लागली का ते कळत नाही.
तरी उतरले खाली, पेन्सिल घेऊन,
"मी" खोडून "आम्ही" केलं.
पुढचं "चालू लागलो" तसंच चाललं,
बदलावं लागलं नाही.

सव्वीस प्रती झाल्या, मग बोटं गारठली.