मेन स्टँड

अप्पांनी एकतीस वर्षं नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
फुटलेली शाई, सरकलेला आकडा
आधी त्यांच्या अंगठ्याला कळायचा, मग डोळ्यांना.
आता ते पंचनामा तसाच वाचतात,
चारही पानं खिडकीच्या उजेडात धरून.

‘मयत नामे हर्षला दौलत निकम, वय २९,
धंदा नोकरी, रा. जेल रोड,
हिने नैराश्यातून कालव्याच्या पाण्यात’
इथे अप्पा थांबतात.
नैराश्य नंतर भरलंय, म्हणतात,
बघ, पेन वेगळं आहे.

साहेब चांगले आहेत. पंखा आमच्याकडे वळवतात.
‘मुलींच्या मनातलं आईबापाला कुठं कळतं, काका?’
आई म्हणते, मनातलं राहू द्या,
चष्म्याचं बोला.
उणे सहाचा नंबर. चष्मा उतरवला
की तिला ताटातली भाजी ओळखू यायची नाही,
तो चष्मा यादीत का नाही?
साहेब लिहून घेतात.
म्हणजे पेन हलवतात.

सातपूरच्या कंपनीत ताई पगारपत्रक करायची.
त्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाली,
‘रजिस्टरातली एकोणीस माणसं कुठेच नाहीत
आणि दर महिन्याला सही करतात.’
आम्ही हसलो. मी अजून अर्धी भाकरी घेतली.
जबाबात मी सगळं सांगितलं,
हसल्याचं सोडून.

पण अप्पा अडलेत ते पान तीन, ओळ सातवर:
‘स्कूटर मेन स्टँडवर उभी.’

सहा वर्षं ती गाडी आमच्या फाटकाशी
साइड स्टँडवर तिरकी.
मेन स्टँडवर ताईला चढवताच यायची नाही.
धुवायची झाली की भिंतीवरून हाक,
‘वाघचौरे काका, जरा चढवून द्या ना!’
आणि काका बनियनवर, तोंडात ब्रश तसाच.
कालव्यावर त्या रात्री
तिने कुणाला हाक मारली?

हेच अप्पांनी अकरा अर्जांत विचारलंय.
पोचपावत्या दुधाच्या पिशवीत,
वरून रबर.

काल चौकीच्या आवारात गेलो.
गाडी तिथेच. मुद्देमाल.
सीटवर चिमण्यांची घाण,
चिठ्ठीवरचा नंबर उन्हाने उडालेला.
अप्पा झेरॉक्सला गेले.

मी ताईएवढीच. तिचेच कुडते घालते,
खांद्यात किंचित सैल.
हँडल धरलं, स्टँडवर पाय दिला, ओढली.
नाही.
परत. नाही.
तिसऱ्यांदा पोटरी सोलवटली.
चौथ्यांदा चढली.

सरळ उभी राहिली गाडी,
शहाण्या मुलीसारखी.
कॉन्स्टेबल बाई फोनवर होत्या, कुणीच पाहिलं नाही.
खाली घ्यायला हवी होती अप्पा यायच्या आत.
माझे हातच हलेनात.

अप्पा आले. गाडीकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.
मग खाली बसले, गुडघ्यावर हात टेकत,
आणि नोट पाहावी तशी जमीन पाहिली.
मातीत स्टँड घसरल्याचे ओरखडे होते, ताजे.
एकेकावरून अंगठा फिरवला.
‘तीन,’ म्हणाले.

चौथ्यांदा चढली, अप्पा.

बराच वेळ ते तसेच बसून राहिले.
बाईंचा फोन संपला, दुसरा सुरू झाला.
मग सीट रुमालाने पुसली,
कोरा कागद ठेवला, आणि बारावा अर्ज लिहायला घेतला:
‘कालव्याच्या कडेला असे ओरखडे होते काय?
असल्यास किती?
नसल्यास’

पुढे पेन चालेना.
शाई ओली होती,
म्हणून कागद मी
उन्हात धरला.