छत्तीस पॉइंटातला झ

सराफ बाजाराच्या उतारावर, पिठाच्या गिरणीला लागून छापखाना.
गिरणी सुरू झाली की खिळे आपापल्या घरात थरथरत.
सगळ्यात खालच्या खणात काळा टाइप.
अण्णा मोजाड त्याला ‘थोरला’ म्हणत.

थोरल्याचा काना म्हणजे घाटावरचा दगडी खांब,
पण वेलांटी वळते तिथे इतकी बारीक
की बोरूचा तिरपा छाट अजून ओला वाटावा.
जाडीच्या पोटात उजेड ठेवलाय, अण्णा सांगत,
हा बघ, ‘थ’चा डोळा.
शाईनं बुजला तर ओतणाऱ्याचं नाही,
तुझं चुकलं.

कामं ठरलेली:
दशक्रिया विधी, रामकुंड, सकाळी आठ.
उद्या पाणी येणार नाही.
द्राक्षावरच्या औषधाचा भाव.
आणि शुभविवाह, तो लाल शाईत;
लाल झाला की थोरला जरा लाजल्यासारखा दिसे.

दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला त्या रात्री
पाणी आत आलं.
बारीक अक्षरं गाळात गेली,
आठवडाभर आम्ही पिठाच्या चाळणीनं मात्रा शोधत होतो.
थोरला जागचा हलला नव्हता.
झ तेवढा एकच उरला.

मग दिवाळीच्या आधी सिन्नरहून कारभारी कडलग आले,
हातात वहीचं फाडलेलं पान:
जाहीर नोटीस. माझा मुलगा झुंबर
याच्याशी माझा संबंध राहिलेला नाही.
‘नाव सगळ्यात काळं पाहिजे. रस्त्यावरून दिसलं पाहिजे.’

अण्णांनी खण ओढला. बराच वेळ चाचपलं.
‘झ नाही हो. पुरात गेला. बारक्यात लावू?’
‘बारक्यात कोण वाचणार?’
‘तेच म्हणतो मी.’

कडलगांनी चहा घेतला. बशीत.
पान उलटं करून पाठीमागचं कुणाचं तरी गणित वाचलं.
‘पुण्याहून मागवा.’
‘पंधरा दिवस लागतील.’
‘येतो पंधरा दिवसांनी.’

आले नाहीत.
किंवा दुसरीकडे गेले असतील,
मेन रोडला तेव्हा चार छापखाने होते.

ते गेल्यावर अण्णांनी मूठ उघडली.
तळहातावर उलटा झ रुतलेला.
म्हणाले, मेलेल्याचं नाव जाड लावावं.
जित्याचं लावताना दोनदा बघावं.
आणि मला झाडू आणायला पाठवलं.

आता कॉलेज रोडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे.
एक बटण दाबलं की कुठलंही अक्षर जाड होतं,
म्हणजे फुगतं; कडेनं सूज, आत काळोख.
वाढदिवस, निवड, पुन्हा वाढदिवस.

परवा एक नाव चार फुटी करायचं होतं.
पहिलंच अक्षर झ.
माझा हात माउसवर थांबला.
गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
डोळा बुजतोय जरा.