साडेसहा बाय पंचावन्न

तळघरात ड्रम फिरतो आहे दुपारपासून.
आत अक्रोडाच्या टरफलांचा चुरा
आणि तोरलाइफच्या एकशे सदतीस पुंगळ्या.
वर स्वयंपाकघरात कपाटातले कप
एकमेकांना हळूच धक्के देतात.

डबा ओसहिल्डने आणून दिला परवा,
आईस्क्रीमचा, झाकणावर त्याचं तिरपं अक्षर:
चौथ्यांदा भरलेल्या. पाचव्यांदा जपून.
म्हणाली, तुझीही बंदूक तीच, तुला होतील.
मग दारात हातमोजे चढवता चढवता,
भंगारवाल्याला विचारलं होतं मी आधी.
काही फार देत नाहीत.

आधी मान पाहायची.
नखाने चाचपायचं, केसाएवढी चीर लागते का.
लागली तर पक्कडीने तोंड चेपून टाकायचं,
चुकून कुणी दारू भरायला नको.
सहा निघाल्या तशा.
मग बुडाची टिकली:
लिव्हर खाली, टक्,
आणि ती बाटलीत पडते
पिनेने एकदाच केलेला खळगा घेऊन.

सगळ्यांत तळाशी, रबर गुंडाळलेल्या, तीन.
काळ्या पडलेल्या.
ज्या माणसाने जुने खिळेसुद्धा पुसून ठेवले
त्याने ह्या धुतल्या नव्हत्या.
रबर हात लावताच तुटलं.
आत चिठ्ठीची सुरळी, नुसती तारीख.
पाच ऑक्टोबर. तो मोठा नर.

अकरा वर्षं ऐकली आम्ही ती गोष्ट
ट्रिसिलच्या वरच्या झोपडीत,
चुलीवर ओले मोजे वाळत असताना:
दलदलीच्या पलीकडून, धुक्यात, एकच गोळी,
आणि एल्क बसला जागेवर
म्हातारा खुर्चीत बसतो तसा.
दर वर्षी दलदल थोडी रुंद व्हायची.
गुनेरियस मान डोलवायचा, कॉफी ओतायचा.

मी त्या दिवशी शेजारच्याच ठाण्यावर होतो.
एक ऐकली. लगेच दुसरी.
मग इतका वेळ गेला
की मी थर्मास उघडून, पिऊन, बंद केला,
तेव्हा तिसरी.
संध्याकाळी कुणीतरी म्हणालं,
इथला डोंगर फार बोलका आहे.
हो हो, म्हणालो आम्ही सगळे. मीही.

पितळ उघडं पडलं म्हणतात, ते हे असं
टेबलावर, दिव्याखाली.
पण त्याचं एकट्याचं कुठे?
त्याने निदान जपून ठेवलं होतं.

तिन्हींच्या टिकल्या मी काढल्या शेवटी.
टक्. टक्.
मध्ये खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं.
टक्.
आणि टाकल्या इतरांत, झाकण लावलं,
बटण दाबलं. फिरू दे.
एकदा लख्ख झाल्या की कोणती कुठली
हे तोरलाइफलाही ओळखता आलं नसतं.

आता चाळणीत ओतल्या आहेत.
सोन्यासारख्या सगळ्या, हाताला कोमट.
फक्त तिघींच्या कमरेला
रबराचा काळा पट्टा तसाच.
अंगठ्याने घासून पाहिला. कापडाने.
लिंबाच्या फोडीनेसुद्धा.

वरून बायको विचारते, झालं का?
अजून तासभर, म्हणतो,
आणि पुन्हा ड्रम लावतो.
कप सुरू होतात.