मागची बाजू

मेरिअल थर्टलची चित्रं मी आधी मागून पाहिली,
म्हणजे पाइनच्या पट्ट्या, तिरके कापलेले कोपरे,
पाचरी, ताणलेलं तागाचं कापड.
नॉरिचच्या कला विद्यापीठात, तळमजल्यावर, सुतारशाळेत
एकवीस वर्षं हेच करतोय.
चित्र ही त्यानंतरची गोष्ट.

मापं मी आडव्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहितो, मराठी आकड्यांत.
श्रीरामपूरला वडील फिटर होते साखर कारखान्यात,
त्यांच्या डायरीत नऊची शेपटी अशीच लांब असायची.
मेरिअलनं कधी विचारलं नाही.
एकदाच म्हणाली, हा तुझा चार
धुरीला टांगलेल्या हेरिंगसारखा दिसतो.

लंडनमधलं तिचं पहिलं प्रदर्शन मी पाहिलेलं नाही.
म्हणतात, सगळी चित्रं विकली गेली
आणि एका पेपरानं लिहिलं : आश्वासक.
तो शब्द ती पुढे शिवीसारखा वापरायची.
कुणाचं काम फार गुळगुळीत झालं की
"आश्वासक आहे हं,"
आणि पोरगं रडकुंडीला.

सोमवार ते बुधवार वर्ग.
गुरुवारी बैठका, रकाने, टक्के, शिकण्याची फलितं.
शुक्रवार तेवढा उरायचा, त्यातही हिवाळ्यात
उजेड दहा ते तीन.
त्या पाच तासांत ती एकच गोष्ट काढत राहिली :
कँटलीच्या साखर कारखान्याची वाफ.
सपाट दलदल, एक गाय असली तर असली,
आणि वर पांढरा लोट, कुठं जायचं ते न ठरलेला.
मी म्हटलं, आमच्याकडे उसाची असते. मळीचा वास येतो.
ती म्हणाली, इथं बीट. उकडलेल्या मातीचा.
मग दोघंही गप्प.
वासाबद्दल याहून जास्त बोलता येत नाही.

दिवसभर लावलेला रंग ती संध्याकाळी काढायची,
दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तसा, मन लावून,
आणि डब्यात भरायची.
अकरा वर्षं एकही प्रदर्शन नाही.
नव्या विभागप्रमुखानं विचारलं, संशोधन काय झालं?
तिनं डबा टेबलावर ठेवला.
चार किलो सातशे. वजन मीच करून दिलं होतं.

ओलुमिदे नावाचा एक विद्यार्थी होता, सगळं काळं रंगवायचा.
त्याच्या शेजारी ती दोन तास स्टुलावर बसली
आणि उठताना म्हणाली, हे सात काळे आहेत. तुला किती दिसतात?
आज त्याची चित्रं कुठं कुठं लागतात.
त्याच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये तिचं नाव नाही.
तिच्या स्टुडिओची खिडकी आपोआप मिटायची,
तिथं तो कॅटलॉग बरोब्बर बसला.

मागच्या वर्षी चित्रकला विभाग दुसऱ्या कशात तरी विलीन झाला.
निरोपाला केक होता, तोही बिटाचा, कुणीतरी मुद्दाम केलेला.
ती दोन तुकडे खाऊन घरी गेली.

मग शहरातल्या एका संग्रहालयानं तिचं एक चित्र घेतलं,
न खरवडलेल्या मोजक्यांपैकी.
टांगायला मला बोलावलं.
हातमोजे घातलेल्या तरुण बाईनं चित्र पालथं केलं,
वाकून पाहिलं, आणि नोंदवहीत लिहू लागली :
मागे पेन्सिलीच्या खुणा, लिपी अज्ञात.

मेरिअल खिडकीपाशी, कोट न काढता, सँडविच खात होती.
अज्ञात कसली, ती म्हणाली,
एकशे चाळीस बाय नव्वद.

मी तिला कधी शिकवले नव्हते आकडे.
एकवीस वर्षं तीही, म्हणजे,
मागूनच बघत आली होती.

चित्र भिंतीवर चढलं.
मी पातळी लावली. थेंब डावीकडे सरकला,
उजवी बाजू दोन मिलिमीटर खाली.
राहू दे, ती म्हणाली,
कारखानाही तसाच कलला आहे.