चाखणी

चोपड्यात वैशाखात गोदामाचा पत्रा वाजतो.
पंखा गरम हवाच
या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात ठेवतो.
फळीवर चारोळीच्या दोन बरण्या :
एक नागडी, एक नेसलेली.
माझं काम जिभेचं.
दर पंधरा दिवसांनी सात-सात दाणे, डोळे मिटून,
मग कोमट पाणी, मग वहीत एक शब्द.

चारोळीला कवच होतं की, चांगलं टणक.
वैजापूरच्या बायांनी जात्यात भरडून ते काढलं.
आता उघड्या दाण्याला आम्ही दुसरं नेसवतो.
धावड्याचा डिंक रात्रभर भिजत घालायचा,
फडक्यातून दोनदा गाळायचा,
बोटाला चिकटतो-न चिकटतो इतका पातळ.
दाणे बुडवायचे, निथळायचे, जाळीवर पसरायचे.
वाळल्यावर दिसत काहीच नाही.
उजेडाकडे धरला दाणा
तर जराशी तुकतुकी.

डिंक आणते जुमलीबाई पावरा, वर्तमानपत्रात बांधून.
तिला सांगितलं, यानं आतल्या तेलाला वारा लागत नाही.
ती हसली.
कुऱ्हाड लागली की झाड हेच करतं, म्हणाली,
तुम्हाला त्याच्यासाठी बरण्या लागल्या?

पंचेचाळिसाव्या दिवशी नागडी बरणी बोलली.
आधी वास, रंगाच्या जुन्या डब्याचा,
मग घशाच्या मागे काहीतरी खरखरीत.
वहीत लिहिलं : खवट.
नेसलेली अजून दुधाळ.
नव्वदाव्या दिवशीही दुधाळ.
एकशेविसाव्या दिवशी मात्र
सातांतला एक दाणा जिभेवर अडखळला,
खोटं बोलण्याआधी माणूस अडखळतो तसा.
बाकी सहा गोड.

बुधाआप्पा लेबलं छापायला निघालेले.
"सहा महिना लिखी टाक. कोन चाखी दखस?"

मी चाखते, आप्पा.

कागदावर मी चार लिहिले.
त्या एका दाण्याची आठवण आली,
खोडून तीन केले.
आप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला.
आकडा तोच होता.

संध्याकाळी नागड्या बरणीतले उरलेले दाणे
मागच्या निंबाखाली ओतले.
खार आली. एक उचलला,
दोन्ही हातांत फिरवला, हुंगला,
आणि होता तिथे ठेवून दिला.
तिला वही लागली नाही.