सुटी

समितीपुढे त्या दिवशी प्रश्न होता:
आपल्याच माणसांतून हळूहळू निराळं होत
कुणी स्वतः होतं,
त्या होण्याला मराठीत काय म्हणायचं?

उकिडवे सरांनी 'व्यक्तिभवन' सुचवलं.
चहा येईपर्यंत ती आम्हाला
सरकारी इमारत वाटू लागली:
तळमजल्यावर चौकशी, लिफ्ट बंद.
'विभक्त' मागे पडला, त्याला भांडणाचा वास,
आणि चुलीचा.
'एकल' बायकांच्या मागे आधीच लागलेला.

मी गप्प. पर्समध्ये
माझगावच्या रेशनिंग ऑफिसचा फॉर्म होता.

खिडकीतल्या मुलीनं सकाळी विचारलं होतं,
भावाच्या कार्डावरून नाव कमी का करायचं?
लग्न?
नाही.
मयत?
मी नुसती पाहत राहिले. तीही हसली नाही,
तिच्या यादीत दोनच कारणं होती.
वय त्रेपन्न. घोडपदेवला भाड्याची खोली,
दहा बाय बारा, नळ सव्वापाचला.
स्वतंत्र राहते, असं लिहा की.
तसा रकाना नाही, मावशी.

दादरच्या फुलबाजारात, पुलाखाली,
झेंडूवाला विचारतो, ओवलेली की सुटी?
मी इतकी वर्षं सांगत आले, हार द्या.
यावेळी म्हटलं, सुटी. पावशेर.
एकाला मुंगी होती,
एक बाजूनं दबलेलं, बहुतेक टोपलीच्या तळाचं.
काट्यावर एक जास्त पडलं,
ते त्यानं काढून घेतलं नाही.

बाळंतीण सुटते,
तेव्हा आपण सुटली म्हणतो आणि दोन माणसं मोजतो.
गाठ सुटते, गणित सुटतं,
संध्याकाळी डॉकयार्डच्या बाजूनं वारा सुटतो.
त्याला कुणी विचारत नाही, कुणाला सोडून आलास?

सुधन्वा फोनवर म्हणाला,
आम्ही काय टाकलं का तुला?
टाकलं नाही रे. मीच सुटी झालेय.
आवाज नीट येत नसावा.
म्हणाला, किती दिवसांची?

पुढच्या बैठकीत मी कार्ड वाचून दाखवलं.
सुटी होणे. पुल्लिंगी रूप: सुटा.
सर म्हणाले, यात पैशांचा खुळखुळाट ऐकू येतो.
मी म्हटलं, येऊ दे.
इतिवृत्तात नोंद झाली: विचाराधीन.

रेशन कार्डावरही नाव अजून तिथंच आहे.
महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास
माझ्या वाटणीचे तांदूळ येतात,
वहिनी निवडून पाठवते,
वेगळ्या पिशवीत,
तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं.
ती गाठ सोडवायला मला
दर वेळी बराच वेळ लागतो.